बॅरलमधला दाब जातो कुठे? घरगुती बिअरच्या प्लास्टिक बॅरलमधली गळती शोधणं आणि थांबवणं

प्रश्न थोडक्यात असा: २५ लिटरचं प्लास्टिकचं प्रेशर बॅरल, त्यात २३ लिटर एल (बिअरचा एक प्रकार). ८५ ग्रॅम साखर घालून आठवडाभर २० अंशांवर ठेवलं, मग १२ अंशांवर हलवलं. पहिले दोन-तीन ग्लास जोरात आले, नंतर धार मंदावली आणि तोटी गुळगुळ आवाज करत हवा आत ओढू लागली. तोटीखाली सतत ओल आहे. झाकण पान्याने आवळून पाहिलं, कार्बन डायऑक्साइडचे ८ ग्रॅमचे चार बल्ब (गॅस भरलेल्या छोट्या धातूच्या कुप्या) सोडून पाहिले, पण दर वेळी गॅस फुसकन बाहेर गेला. गळती नेमकी कुठे आहे?

या वर्णनात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्यांतली एकच खात्रीने गळती आहे: तोटीची. मात्र तिच्यामुळे दाब जात नाही. तोटी बिअरच्या पातळीखाली असते, त्यामुळे तिथून गळेल ती बिअर, गॅस नाही. गॅस जायचा तर पातळीच्या वरून, म्हणजे झाकणातून किंवा व्हॉल्व्हमधून. तोटीचा वॉशर बदलून दाब टिकेल या आशेवर बरेच जण चुकीच्या टोकाला काम करत बसतात.

आधी हिशेब पाहू, कारण मुळात दाब किती असायला हवा हे माहीत नसेल तर कमी झाला की नाही हे ठरवणार कसं? एक ग्रॅम साखरेपासून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ८५ ग्रॅमचे झाले सुमारे ४३ ग्रॅम. आंबवण संपलेल्या बिअरमध्ये २० अंशांना थोडा गॅस आधीच विरघळलेला असतो. दोन्ही मिळून २० अंशांवर दाब ०.९ बारपर्यंत जाऊ पाहतो (इथले सगळे आकडे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचे). पण या बॅरलचे सेफ्टी व्हॉल्व्ह साधारण ०.७ बारच्या, म्हणजे १० पीएसआयच्या आसपास उघडतात. त्यामुळे उबदार आठवड्यात व्हॉल्व्हमधून अधूनमधून सुस्कारा ऐकू आला तर तो त्याचं काम करतोय, घाबरून झाकण आवळायचं कारण नाही.

मग बॅरल थंड जागी गेलं. थंड बिअर जास्त गॅस पोटात घेते, म्हणून १२ अंशांवर तोच दाब ०.३ ते ०.४५ बारवर येतो. थेंबभरही गळती नसताना निम्मा दाब ‘गायब’ होतो तो असा. तो गॅस बिअरमध्ये आहे, आणि तो तिथेच असायला पाहिजे.

आता ग्लास भरायला घ्या. वरची मोकळी जागा २ लिटर, दाब ०.४ बार. जेमतेम ८०० मिलिलिटर बिअर काढली की तेवढाच गॅस मोठ्या जागेत पसरतो आणि बाहेरच्या हवेइतका होतो. विरघळलेला गॅस बाहेर येऊन ती तूट भरून काढतो, पण बॅरल स्थिर असेल तर त्याला काही तास लागतात. म्हणजे एका बैठकीत दोन-तीन ग्लासांनंतर धार मंदावणं हे भरलेल्या बॅरलचं नैसर्गिक वागणं आहे. परीक्षा सोपी आहे: तोटी बंद करा, रात्रभर हात लावू नका, सकाळी एक ग्लास काढा. धार पुन्हा जोरात आली तर वरच्या बाजूला गळती नाही. सकाळीही तशीच मरगळलेली असेल तर आहे.

आणि ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही: निर्दोष बॅरलसुद्धा फक्त साखरेच्या गॅसवर रिकामं होत नाही. वरच्या आकड्यांवरून ८ ते १० लिटर काढल्यावर दाब शून्यावर येतो. उरलेल्या बिअरसाठी बाहेरून गॅस द्यावाच लागतो.

बल्ब का फुकट गेले

८ ग्रॅमच्या बल्बमध्ये, सुटा केल्यावर, सव्वाचार लिटर गॅस असतो. तुमच्या बॅरलमध्ये मोकळी जागा तेव्हा तीन लिटरच्या आसपास असणार. तेवढ्या जागेत सव्वाचार लिटर गॅस एकदम घुसला तर दाब सव्वा-दीड बारने चढेल. व्हॉल्व्ह ०.७ ला उघडतो, म्हणून निम्मा-अधिक बल्ब तिथल्या तिथे बाहेर. व्हॉल्व्ह बिघडलेला नाही, बल्ब लवकर सोडला गेला. किमान ६ लिटर बिअर निघाल्याशिवाय बल्ब लावू नये, आणि नंतर दर ३ ते साडेतीन लिटरमागे एक या मापाने. एका बॅरलला शेवटपर्यंत चार-पाच बल्ब लागतात, ते याच हिशेबाने.

बल्ब लावण्याचीही रीत आहे. होल्डरच्या आतला छोटा वॉशर जागेवर आहे ना ते आधी पाहा. तो जुन्या बल्बच्या तोंडाला चिकटून कचऱ्यात जातो, आणि मग पुढचा प्रत्येक बल्ब बाजूने फुसफुसतो. होल्डर हळूहळू, थांबत थांबत फिरवू नका. सुई टोचल्यापासून वॉशर घट्ट बसेपर्यंतच्या त्या अर्ध्या फेऱ्यात सगळा गॅस निसटतो. टोचल्याचं जाणवलं की न थांबता शेवटपर्यंत फिरवा आणि मिनिटभर तसंच राहू द्या. सुटणारा गॅस इतका गार असतो की पितळेवर दव धरतं आणि आतलं रबर तात्पुरतं ताठर होतं. लगेच होल्डर काढला तर थोडी गळती दिसेल, ती खरी मानू नका.

बल्ब कोणता घ्यायचा यावरही लक्ष हवं. क्रीम फेटण्याच्या बाटलीचे बल्ब दिसायला हुबेहूब असतात, पण त्यात नायट्रस ऑक्साइड असतो, तो इथे चालत नाही. एअरगनच्या १२ ग्रॅमच्या बल्बमध्ये बऱ्याचदा वंगणाचा थेंब असतो. तो बिअरमध्ये उतरला की फेस मेला.

गळतीची चाचणी

रिकाम्या बॅरलमध्ये एक बल्ब सोडून साबण लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. २५ लिटर जागेत एका बल्बने जेमतेम ०.१७ बार दाब येतो आणि बारीक गळती तेवढ्याने बोलत नाही. १८-१९ लिटर पाणी भरा, म्हणजे वर सहा-सात लिटर जागा राहील आणि एकाच बल्बने दाब ०.६ ते ०.७ बारवर जाईल. झाकण हाताने लावा, बल्ब सोडा, आणि बॅरल हलवू नका. हलवलं तर पाणी गॅस पिऊन टाकतं. याच कारणाने ‘सकाळी दाब उतरला होता, म्हणजे गळती’ हा निष्कर्ष पाणी आणि कार्बन डायऑक्साइडच्या चाचणीत लावता येत नाही. झाकणाला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असेल तर पंपाने हवा भरणं जास्त बरं. हवा पाण्यात फारशी विरघळत नाही, त्यामुळे रात्रभराची परीक्षाही घेता येते. पंप मारताना ०.७ बारच्या पुढे मात्र जाऊ नका.

कपभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे पाच-सहा थेंब, आणि मऊ ब्रश. झाकणाची पूर्ण कड, व्हॉल्व्हचा नट जिथे झाकणाला टेकतो तो सांधा, बल्ब लावायचं भोक आणि सेफ्टीचं भोक, असं क्रमाने लावा आणि प्रत्येक जागी निदान दोन मिनिटं टक लावून पाहा. मोठी गळती फुगा काढते, ती लगेच दिसते. त्रास देणारी गळती वेगळी असते: तिथे फुगा येत नाही, साबणाच्या थराखाली खसखशीएवढे पांढरे बुडबुडे जमत जाऊन एक रेघ तयार होते. ती रेघ कुठून कुठपर्यंत आहे यावर कारण कळतं. दोन सेंटिमीटरचा तुकडाच पांढरा झाला तर कडेवर ओरखडा किंवा कचरा. अर्धं वर्तुळ पांढरं झालं तर सील वळलेलं किंवा झाकण तिरकं चढलेलं. व्हॉल्व्हभोवती एक बारीक रेघ बाहेरच्या दिशेने धावत असेल तर झाकणालाच तडा.

बल्ब किंवा पंप नसेल तर पाच लिटर पाणी भरून बॅरल काही तास उलटं ठेवा, खाली कोरडा कागद. थेंब जिथे उमटेल तिथे वर शोधा. गॅससाठी ही परीक्षा सैल आहे, पण ठळक दोष पकडते.

झाकण

पान्याने आवळणं ही या बॅरलची सगळ्यात नेहमीची दुखापत. रुंद तोंडाच्या झाकणात चपटं रबरी सील असतं. ते दाबलं जाऊन बसायला हवं. जास्त आवळलं की ते बाहेरच्या बाजूला फुगतं, एका जागी घडी पडते आणि नेमकी तिथूनच गॅस जातो. मग माणूस आणखी आवळतो.

सील काढून उजेडात धरा. खोल खाच पडली असेल, बोटाने वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर बदला. नुसताच चपटेपणा असेल तर उलटवून लावल्यावर एखादं वर्ष निघतं. नंतर बॅरलच्या तोंडाची कड नखाने चाचपून पाहा. साच्याच्या दोन भागांची जोडरेघ कडेवरून जाते आणि काही बॅरलमध्ये ती केसभर उंच राहिलेली असते. नवीन बॅरल पहिल्या दिवसापासून गळत असेल तर बहुतेक वेळा हेच कारण. ४०० नंबरचा वॉटर पेपर सपाट लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, पाणी लावून, फक्त ती रेघ सपाट करा. पूर्ण कड घासत सुटू नका, नाहीतर नवा खड्डा तयार होईल.

सीलच्या दोन्ही बाजूंना आणि आट्यांना वंगणाचा अगदी पातळ हात हवा. झाकण फिरताना कोरडं सील कडेला चिकटतं आणि पीळ बसतो, म्हणून. पण व्हॅसलीन सगळ्या रबरांना मानवत नाही. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) त्याने फुगतात, मऊ पडतात; नायट्राइल या दुसऱ्या कृत्रिम रबराला चालतं. सील कशाचं आहे हे माहीत नसेल तर खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या. अपवाद एकच: सील स्वतः सिलिकॉनचं असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नये, तेच त्याला फुगवतं. वंगण चमकण्यापुरतंच, कारण जादा झालं तर फेस बसतो.

मग झाकण दोन्ही हातांनी, अंगठ्याच्या जोरावर घट्ट. बस. पुढे दाब वाढल्यावर पुन्हा पिळू नका.

सुरक्षेचा मुद्दा इथेच सांगतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ०.७ बार दाबाने जवळपास ५५ किलोचा जोर असतो. अडकलेलं झाकण उघडण्याआधी व्हॉल्व्ह दाबून किंवा सैल करून दाब पूर्ण सोडा, फुसफुस थांबल्यावर आणखी थोडं थांबा, आणि चेहरा बाजूला ठेवा. अडकलेल्या झाकणाला गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं आणि रबरी हातमोजे घातले की बहुतेक काम होतं.

व्हॉल्व्ह

नेहमीच्या पितळी व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला आडवं भोक असतं आणि त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवलेला असतो. बल्बचा गॅस त्याला ढकलून आत जातो, परत येताना तोच तुकडा भोक झाकतो. सेफ्टीसाठी काहींमध्ये बाहेर रबरी कडं असतं, काहींमध्ये स्प्रिंग. रबर म्हातारं झालं, त्यावर यीस्टचा चिकट थर वाळला, की गॅस दोन्ही दिशांना मोकळा. बल्ब लावायच्या भोकात साबणाचं पाणी सोडल्यावर बुडबुडे आले तर आतला तुकडा गेला. सेफ्टीच्या भोकातून कमी दाबालाही येत असतील तर कडं गेलं. हे दोन्ही तुकडे क्षुल्लक आहेत, दरवर्षी न विचारता बदलावेत. त्याच मापाचे हवेत. सैल नळी कापून जुगाड केला तर टिकत नाही. सेफ्टीवर जाड रबर चढवून किंवा दोरा गुंडाळून ‘जास्त दाब टिकवायचा’ प्रयत्न तर कधीच करू नये. बॅरल त्या दाबासाठी बनवलेलं नाही.

व्हॉल्व्ह झाकणात बसवताना वॉशर झाकण आणि व्हॉल्व्हच्या कॉलरच्या मधे, आणि नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा. त्यापुढे गेलात की भोकाभोवती केसासारखा तडा जातो आणि मग झाकणच बदलावं लागतं. ग्लू आणि सीलंट इथे निरुपयोगी. तडा दाबाखाली उघड-मिट करतो आणि जोड सुटतो.

तोटी

ओल नेमकी कुठून येते ते आधी ठरवा, कारण तोटीला गळण्याच्या तीन जागा आहेत. सगळं कोरडं पुसा. टिश्यू पेपरची एक पट्टी तोटीच्या मुळाशी, बॅरलला टेकून गुंडाळा, दुसरी फिरवायच्या कानाखाली, तिसरी तोंडाखाली. तासाभराने कोणती आधी भिजली ते पाहा. नुसत्या नजरेने फसायला होतं, कारण थेंब नेहमी सर्वांत खालच्या टोकालाच लोंबतो.

मुळाशी भिजली असेल तर वॉशर. तो आत नटाखाली लावायचा की बाहेर, यावर दोन मतं आहेत, पण भौतिकशास्त्र बाहेरच्या बाजूने आहे. तोटीची चकती तोटीशी एकसंध असते. चकती आणि बॅरलची भिंत यांच्या मधे वॉशर असेल तर बिअरला दुसरी वाट उरत नाही. वॉशर फक्त आत असेल तर बिअर नटाच्या आट्यांमधून वळसे घेत बाहेर येते, मग टेफ्लॉन टेपवर भिस्त राहते. दोन वॉशर असतील तर एकेक दोन्हीकडे. भिंत गोल असते म्हणून वॉशर जाड आणि मऊ हवा, कडक पातळ चकती नको. आवळताना तोटी एका हाताने सरळ धरून आतला नट फिरवा. तोटी फिरवली तर वॉशर तिच्याबरोबर पिळला जातो.

काही बॅरलमध्ये नट नसतोच, भिंतीतच आटे असतात आणि हात आत जाईल एवढं तोंडही नसतं. तिथे टेफ्लॉन टेपचे ८-१० वेढे द्या. आट्यांचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे बसवताना टेप उलगडत नाही. तोटीचं तोंड खाली यायच्या आधीच ती घट्ट झाली तर मागे फिरवू नका. काढा आणि टेप थोडी कमी करा.

कानाखाली किंवा तोंडातून गळत असेल तर आतला फिरता खुंट बाहेर ओढून काढा. बऱ्याचदा हॉप्सचा एखादा कण किंवा वाळलेला साका अडकलेला असतो. धुवा, ग्रीसचा बारीक हात द्या. गोलाईभोवती ओरखडा असेल तर तोटी बदला. उकळतं पाणी ओतून निर्जंतुक करू नका, प्लास्टिकची तोटी त्याने वेडीवाकडी होते आणि पुन्हा कधीच नीट बसत नाही.

तुमचं बॅरल आत्ता भरलेलं आहे, म्हणून वॉशर आज बदलता येणार नाही. तासाला काही थेंब पडत असतील तर खाली वाटी ठेवा आणि ही बॅच संपवा. बिअर दुसऱ्या भांड्यात काढून दुरुस्ती करणं मला पटत नाही. त्यात जेवढा ऑक्सिजन मिसळतो त्याने थेंबांपेक्षा जास्त नुकसान होतं. धार लागली असेल तरच तो मार्ग.

गळती नाही आणि दाबही नाही

साबणाच्या चाचणीत कुठेच बुडबुडे आले नाहीत तर गॅस तयारच झालेला नाही. साखर घातल्यानंतर लगेच थंड जागी ठेवलेल्या बॅरलमध्ये यीस्ट तळाशी झोपतं. बॅरल हलकेच तिरकं करून साका थोडा उठवा आणि आठवडाभर २० अंशांवर ठेवा.

पहिला सगळा गॅस गळतीत गेला होता आणि आता दोष दुरुस्त झाला आहे, अशा वेळी पुन्हा साखर द्यावी लागते: ५० ते ६० ग्रॅम, उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात विरघळवून, सावकाश. कोरडी साखर ओतली तर बिअर फेसाळून तोंडातून बाहेर येईल. त्याआधी हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) वाचन दोन-तीन दिवस स्थिर आहे याची खात्री करा. आंबवणाचे दोन पॉइंट शिल्लक असतील, म्हणजे १.०१२ वरून १.०१० व्हायचं राहिलं असेल, तर २३ लिटरमध्ये ती जवळपास १०० ग्रॅम साखर घातल्यासारखंच आहे. तोटीतून नुसता फेस येण्याच्या तक्रारींचा उगम बहुतेक इथेच असतो. तशा वेळी तोटी अर्धवट उघडू नका, अरुंद फटीतून फेस वाढतो. व्हॉल्व्हमधून थोडा दाब सोडा आणि तोटी पूर्ण उघडा.

आता या बॅरलचं काय करायचं

गुळगुळ ऐकू आली की तत्क्षणी तोटी बंद करा. आत गेलेली प्रत्येक ढेकर हवेची आहे आणि तिच्यामुळे आठवडा-दोन आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. रात्रभर थांबून सकाळची धार पाहा. जोरात आली तर रोज दोन ग्लासांच्या वर काढू नका आणि ६ लिटर निघाल्यावर पाचवा बल्ब लावा. आली नाही तर दाब सोडून झाकण उघडा, सील तपासा, व्हॉल्व्हचे रबरी तुकडे बदला, पातळ ग्रीस लावून हाताने बंद करा आणि ५० ग्रॅम साखर देऊन पुन्हा उबदार जागी ठेवा.

बॅरल रिकामं झाल्यावर तोटीचा वॉशर बाहेरच्या बाजूला घेऊन १८ लिटर पाण्याची चाचणी करा, मग पुढची बॅच भरा. मधल्या काळात बॅरल कोरडं करून, झाकण सैल, तोटी उघडी आणि सील काढून सपाट ठेवायचं. आवळून ठेवलेलं सील महिनाभरात चपटं होतं.